मऊ हाडातला खुंटा

आमच्या मामांनी जन्मात कुणाचा चेहरा पाहिला नाही, पाहिली ती फक्त तोंडं. आईचे ते चुलतभाऊ, दिंद्रुडकडचे. बैलाचा जबडा उघडून वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, आणि ही खोड पुढे माणसांपर्यंत पोचली. सोयरिकीला गेले की बाकीची मंडळी शेत, विहीर बघत आणि मामा नवरदेवाला हसवत बसत. तो हसला की शेजारच्याला हळूच सांगत, "तिशी कवाच वलांडलीय, सव्वीस सांगतेत." माझ्या सासऱ्यांबद्दल त्यांनी एवढंच विचारलं होतं, की दाढा किती राहिल्यात. मी दातांचा डॉक्टर झालो तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. आपली विद्या भाच्यानं कॉलेजात जाऊन शिकली, असंच ते धरून चालत.

दुष्काळात दूध सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली आणि फाटकावर मामांना बसवलं, कारण कागदावर एक जनावर आणि दावणीला दुसरंच, असे प्रकार फार. एकदा एक पुढारी म्हातारा बैल घेऊन आला आणि चौसा, म्हणजे चार दातांचा तरणा, म्हणून सांगू लागला. मामांनी बैलाच्या तोंडात हात घातला आणि म्हणाले, "अण्णा, ह्याचे समदे दात येऊन झिजायला लागलेत. तुमच्याच वयाचा म्हना की. पर ह्यो खरं सांगतोय." लोक हसले, शेवटी अण्णाही हसले. त्या वर्षी गावात टँकरचा भरवसा नव्हता, मामांच्या शब्दाचा होता.

त्या मामांची वरची दाढ गेली. बैलानं डोकं झटकलं, शिंग लागलं, दाढ मोडली. अंबाजोगाईत मी नुकतीच इम्प्लांटची, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात चढवायची सोय केली होती. मी त्यांना सांगितलं, की वरच्या जबड्यात मागं हाड मऊ असतं, स्क्रू सहज धरत नाही. मामा म्हणाले, "म्हंजी भुसभुशीत रानात खुंटा. भोक बारीक पाडायचं, खुंटा दाबून बसवायचा, आन त्याला लगेच बैल बांधायचा न्हाई." माझी पुस्तकं याहून वेगळं काही सांगत नव्हती.

मग मी काय केलं ते पुढं फार दिवस कुणाला बोललो नाही. पाऊस झाला, छावणी उठली, आणि गावचा भाचा दातांचा डॉक्टर झाला म्हणून सोसायटीच्या सभेत माझा सत्कार ठरला. मामांनी गावभर सांगून ठेवलं होतं, की भाच्यानं बसवलेली दाढ आपण सभेत दाखवणार. सभेच्या आदल्या दिवशी मी स्क्रू बसवायला घेतला. घाईत भोक जरा मोठं पडलं. स्क्रू घट्ट व्हायच्या जागी नुसता फिरत राहिला. हिरडी शिवून सहा महिने थांबायचं, हे मला कळत होतं. मी त्यावर तसाच दात चढवला. मामांनी जिभेनं चाचपून विचारलं, "हालतंय का रे, भाच्या?"

मी म्हणालो, "नाही मामा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सभेत जबडा उघडून दाखवला तो दाखवलाच, वर त्या दाढेखाली सुपारी धरून कडकन फोडली. त्यांना थांबवायला एक शब्द पुरला असता. मी अंगावर शाल घेऊन टाळ्या वाजवल्या.

पंधरवड्यात दात स्क्रूसकट हातात आला. पारावर चेष्टा सुरू झाली, की दुनियेचे दात मोजणाऱ्याचाच दात पळाला. मामा सगळ्यांना एकच सांगत, "नव्या खोंडाला मीच लगेच औताला जुंपलं. डागदरचा काय दोष?" हे माझ्या कानावर यायचं आणि मी गावाकडं जायचं टाळायचो. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्याला मी कोपऱ्यात बसून जेवलो आणि निघून आलो.

वर्षभरानं मामी एकट्याच एसटीनं दवाखान्यात आल्या. त्यांचीही वरची दाढ गेली होती. गावाजवळ दुसरा डॉक्टर असताना एवढ्या लांब कशाला आलात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते सांगून गेलते. दात करायचा तर भाच्याकडंच कर, त्यो खोटं बोलत न्हाई."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, गालात कापूस ठेवला, आणि त्यांना बोलता येत नव्हतं तेव्हाच सगळं सांगून टाकलं. फिरणारा स्क्रू, सुपारी, माझं 'नाही मामा'. मामी छताकडं बघत ऐकत राहिल्या. कापूस काढला तेव्हा त्यांनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. मी मान वर केली नाही.

"मग माझं हाड कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"मऊ आहे, मामी. सहा महिने थांबावं लागेल."

"थांबू की," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तोंड उघडलं.