साडूभाऊंनी मारलेली दांडी

जगातली प्रत्येक गोष्ट अनित्य आहे, यावर माझ्या थोरल्या साडूंइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस चिखलीत सापडायचा नाही, आणि त्या श्रद्धेतून फक्त आपली इलेक्ट्रिक गिटार वगळणारा तर अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात नसेल. रविवारी सकाळी विहारात ते डोळे मिटून अनित्यतेवर मान डोलावतात आणि घरी येऊन तासभर गिटारीशी भांडतात, की काल लावलेला सूर आज उतरलाच कसा!

साडूभाऊ धान्यबाजारात मापाडी आहेत. हल्ली वजनाचे आकडे उमटतात, पण ते शिकले तराजूवर, त्यामुळे त्यांना सगळं जग दोन पारड्यांत दिसतं. त्यांच्या गिटारीच्या तारा ज्या ब्रिजला अडकवल्यात, तो पक्का बसवलेला नाही, तरंगता आहे. पुढून सहा तारा त्याला ओढतात, मागच्या पोकळीतल्या तीन स्प्रिंगा उलट ओढतात, आणि दोन्ही बाजूंचं जमलं तरच सूर टिकतो. एक तार चढवली की ब्रिज हलतो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्यांच्या गाणी-पार्टीतल्या कीबोर्डवाल्याने एकदा सुचवलं, की ब्रिजमागे लाकडाचा तुकडा ठोका आणि मोकळे व्हा. साडूभाऊ महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. "पारड्याखाली इट ठेवते का बे कोणी?" एवढंच म्हणाले. तारा ज्या खाचांतून सरकतात, तिथे ते शिसपेन्सिलीची पूड भरतात, म्हणजे तार न अडकता जागेवर येते. आमच्या घरी मुक्कामाला आले, तेव्हा माझ्या मुलीच्या कंपासपेटीतल्या सगळ्या पेन्सिली त्यांनी या कार्यासाठी तासून संपवल्या. दुसऱ्या दिवशी तिचा भूमितीचा पेपर होता.

या ब्रिजला एक दांडी असते. ती दाबली की सूर लहरतो. आता बाजारात दांडी मारणं म्हणजे मापात लबाडी करणं, त्यामुळे रंगात आलेलं पब्लिक "काका, मारा दांडी!" म्हणून ओरडलं की यांचा चेहरा उतरतो. "पंचवीस वर्सांत नाही मारली, आता मारू काय?" असं पुटपुटत ते ती दांडी दोन बोटांनी जेमतेम दाबतात आणि लगेच सहाही तारा तपासतात. पिंपळगाव राजा गावातल्या एका लग्नात तर नवरदेव मंडपाच्या दारात असताना यांनी स्वागताचं गाणं थांबवलं. "काटा हालून राह्यला, थांबा जरासे," असं त्यांनी चक्क माईकवर सांगितलं. नवरदेव थांबला, घोडी मात्र आत आली.

अशा या माणसाने गेल्या जयंतीच्या आधी जे केलं, ते मला आजही खरं वाटत नाही. त्यांच्या पार्टीत ताई गाते. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. जयंतीच्या कार्यक्रमातलं पहिलं गाणं दर वर्षी तिचं, तेही काळी चारमध्ये, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत. पण त्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालेलं. तालमीत वरचा सूर आला आणि आवाज फाटला. पुन्हा गायली, पुन्हा फाटला. कीबोर्डवाला हळूच म्हणाला, "पट्टी उतरवू का, ताई?"

"माह्यासाठी कोणी काही उतरवाची गरज नाही," ताई म्हणाली. "काळी चारमधी होत नसन तं माहं गाणं बंद. दुसरी पाहा कोणी." आणि ती आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. साडूभाऊ मान खाली घालून ब्रिजकडे बघत होते.

दुसऱ्या दुपारी ताई बाजारात गेली आणि साडूभाऊंनी मला बोलावून हातात बॅटरी दिली. ताईला न कळू देता पट्टी उतरवायची होती. कीबोर्डवाल्याचं काम सोपं होतं, एक बटण दाबलं की सगळं एक पट्टी खाली, काळी तीनमध्ये. साडूभाऊंची बोटं मात्र प्रत्येक गाणं एकाच जागी शिकलेली, तिथून हलवली की हरवतात. म्हणून सहाही तारांचे सूर उतरवणं आलं. तारा सैल पडताच स्प्रिंगांनी ब्रिज मागे ओढला. मागचं झाकण उघडून स्प्रिंगांचा स्क्रू अर्धा फेरा सोडायचा, तारा सुरात लावायच्या, पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा तारा. तीन तास मी उजेड धरून उभा होतो.

"साडूभाऊ, हे तर खोटं माप झालं," मी चिडवलं.

ते हसले नाहीत. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "हाव. मारली दांडी. तिच्या बाजूनं मारली. पण तिले सांगू नका."

संध्याकाळी त्यांनी "एकडाव म्हणून तं पाहा" असं करत ताईला बसवलं. वरचा सूर आला, अलगद आला. जयंतीला तर तिने असं गाणं म्हटलं की मागच्या रांगेतली म्हातारी माणसं उभी राहिली. साडूभाऊंनी दांडी चांगली खालपर्यंत दाबली आणि सूर पुन्हा जागेवर आला की नाही हे तपासलंही नाही. ते ताईकडे बघत होते.

कार्यक्रमानंतर मी ताईला पाणी नेऊन दिलं आणि आवाज परत आल्याबद्दल तोंड भरून कौतुक केलं. ती पाणी पिता पिता थांबली.

"काळी तीन होती, जवाईबापू. इतके वर्सं गाऊन राह्यली मी, मले समजत नाही काय?"

मी वळून पाहिलं. स्टेजवर साडूभाऊ गिटार पुसत होते, लेकराचं तोंड पुसावं तशी.

"त्यायले वाटते मले कळलं नाही. वाटू द्या," ती त्यांच्याकडे बघत म्हणाली. "आवाज काही वर जाणार नाही आता. पुढच्या साली अजून उतरन, तं थे अजून उतरवतीन. तुमी फक्त बॅटरी नीट धरत जा."