नाकबाई आणि अकरा वाट्या

लहान मूल जेवताना गोड दिसतं असं म्हणणाऱ्यांनी ते बहुधा फोटोत पाहिलेलं असतं. नाकबाईंनी ते जवळून पाहिलं होतं, आणि एकदा पाहिलं ते जन्मभर पुरलं होतं. चमचा तोंडात जातो, त्यातलं निम्मं हनुवटीवरून परत येतं, ते त्याच चमच्याने खरवडून पुन्हा आत ढकलायचं. मग मूल शिंकतं. नाकातून गाजर बाहेर येतं. समोरच्या बाईच्या चष्म्यावर जाऊन बसतं, आणि ती बाई चक्क हसते! नाकबाईंना त्या गाजरापेक्षा त्या हसण्याची जास्त शिसारी यायची.

अशा बाईने पाळणाघरात नोकरी धरावी, हा विनोद त्यांच्या घरच्यांनी करून करून शिळा केला होता. पण नोकरी स्वयंपाकाची होती, भरवण्याची नव्हती. कपड्यांच्या कारखान्याच्या मागे एक लांबट इमारत, तिच्यात तीन खोल्या: एक झोपायची, एक खेळायची आणि जेवायची, आणि टोकाला स्वयंपाकघर. बाळांच्या आया पुढे कारखान्यात शिलाई आणि पॅकिंग करत. मागे अकरा बाळं, सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतची, त्यांची वाट बघत रांगत, रडत आणि सांडत असत.

नाकबाई हे नाव आयांनीच पाडलेलं. भाजी आली की ही बाई प्रत्येक गाजर नाकाशी धरणार. दूध तीनदा हुंगणार. भोपळ्याला जरा कुठे मऊ डाग दिसला की अख्खा भोपळा परत. मोठ्या बाई, म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या, कधीकधी वैतागायच्या, पण मनातून खूश असायच्या. कारण असला स्वयंपाक गावभर शोधून सापडला नसता. भात मऊ शिजवून, घोटून, चाळणीतून काढलेला. बटाट्यात एक गाठ नाही. सफरचंद वाफवून त्याचं साल, बी, रेषा, सगळं बाजूला. मीठ नाही, साखर नाही, आणि तरी चव. प्रत्येक पदार्थ त्या स्वतः चाखायच्या, एका चमच्याने एकदाच, आणि चमचा लगेच धुवायला. घट्टपणाचा त्यांचा एकच नियम होता. चमचा पातेल्यात उभा राहिला पाहिजे.

स्वयंपाकघर आणि जेवायची खोली यांच्या मध्ये एक लहान खिडकी होती, लाकडी झडपेची. अकरा वाजता नाकबाई झडप उघडायच्या, पातेलं आणि अकरा स्वच्छ वाट्या फळीवर ठेवायच्या आणि पलीकडे नजर जायच्या आत झडप खाडकन बंद करायच्या. सात वर्षांत त्या पलीकडच्या खोलीत जेवणाच्या वेळी एकदाही गेल्या नव्हत्या. यात नवीन काही नव्हतं. स्वतःच्या मुलालाही त्यांनी भरवलं नव्हतं. भरवायच्या सासूबाई, आणि नाकबाई त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासायच्या. मुलगा आता नोकरीला दूर होता, रविवारी फोन करायचा, आणि आईच्या हातचं जेवण आठवतं म्हणायचा. आईचा हात त्याला आठवायचं काही कारण नव्हतं, हे मात्र दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

पलीकडे भरवायला दोन वर्षांपासून नाकबाईंची भाची होती. थोरल्या बहिणीची मुलगी, कामसू, घाबरट, कोणी आवाज चढवला की आधी माफी मागून मग काय झालं ते विचारणारी. नाकबाईंनीच शब्द टाकून तिला लावलं होतं. आणि भाची आल्यापासून एक फार सुखाची गोष्ट झाली होती. पूर्वीची बाई उष्ट्या वाट्या तशाच खिडकीत आणून ठेवायची. लाळेत तरंगणारा भात, बोटांनी कालवलेलं केळं, एकदा तर वाटीत मोजा. भाचीकडून मात्र वाट्या धुतलेल्या, लख्ख यायच्या. पोरं चाटूनपुसून खातात, असं नाकबाई बाहेर अभिमानाने सांगायच्या.

मग बाळांची पोटं बिघडायला लागली.

आधी एक, मग दोन, मग पंधरा दिवसांत चार. जुलाब, ताप, रडारड. त्यात बटाट्याही होता. बटाट्या म्हणजे नऊ महिन्यांचा एक गोल, टक्कल असलेला गडी, पाळणाघराचं भूषण. आठवड्याने परत आला तेव्हा त्याच्या हातांच्या वळ्या गेल्या होत्या आणि मान कोणाच्या तरी खांद्यावर टाकून तो नुसता बघत बसायचा. डॉक्टरांनी आईला विचारलं, बाळ बाहेरचं काय खातं? आईने सांगितलं, पाळणाघरातलं.

झालं. आया दारात जमल्या. मोठ्या बाईंनी नाकबाईंना ऑफिसात बोलावून सरळ सांगितलं, "शुक्रवारी सगळ्या आया येणार आहेत. तोपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर स्वयंपाकघर बंद करते आणि डब्यातलं तयार अन्न आणते. माझा नाइलाज आहे."

"डब्यातलं?" नाकबाईंनी असं तोंड केलं की जणू कोणी त्यांच्या ताटात मोजा वाढला होता.

पुढचे तीन दिवस त्यांनी स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. पातेली उकळली, चाळण्या उकळल्या, फडकी जाळून नवी आणली. पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी करून आतून घासून घेतली. भाजीवाल्याशी भांडल्या. काही सापडेना. सात वर्षं ज्या नाकावर नोकरी चालली ते नाक काही सांगेना, याची त्यांना मनातून भीती वाटायला लागली.

गुरुवारी दुपारी त्यांना सुचलं की आपण चाखतो ते सकाळी. दुसरं जेवण तीनला असतं आणि ते त्याच पातेल्यातलं, भाची पलीकडच्या छोट्या शेगडीवर कोमट करून देते. बाळं झोपली होती. अडीच वाजता नाकबाई पहिल्यांदाच दार उघडून पलीकडे गेल्या. खुर्च्यांच्या पायांना वाळलेला भात चिकटलेला होता. भिंतीवर बाळांच्या उंचीला भोपळ्याचे पाच बोटांचे ठसे. इकडेतिकडे पडलेली लाळेरी, आणि या सगळ्याला आंबूस, दुधट वास. त्यांनी श्वास रोखला, झाकण काढलं आणि पातेल्यात चमचा उभा केला.

चमचा आडवा झाला.

सकाळचा भात-भोपळा घट्ट होता, हे त्या शपथेवर सांगू शकल्या असत्या. आता त्याला पाणी सुटलं होतं. वर पातळ, पिवळट थर आणि खाली गाळ. त्यांनी चमचाभर घेऊन तोंडात टाकला, जिभेवर फिरवला. आंबलेलं नव्हतं. जळलेलं नव्हतं. नुसतं पांचट, आणि किंचित गोड. त्यांनी नीट कळावं म्हणून आणखी एक चमचा घेतला आणि गिळला.

तेवढ्यात भाची आत आली आणि दारातच थबकली.

"यात पाणी घातलंस?" नाकबाईंनी विचारलं.

"नाही मावशी."

"मग हे पातळ कसं झालं?"

"रोजच होतं गं. दुपारपर्यंत होतं पातळ." भाचीची नजर चमच्यावर होती. "मावशी, तू ते खाल्लंस?"

"चाखलं. का?"

भाची हळूच म्हणाली, "त्यात वाट्यांतलं उरलेलं असतं."

नाकबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. बाळाच्या लाळेने भाताला पाणी सुटतं, हे बाळांचं काम करणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. उष्टी वाटी तासभर ठेवून बघावी, घट्ट भाताचं सरबत झालेलं असतं. अकरा तोंडांतून निघालेले अकरा वाट्यांतले घास, ज्यांत चमचा बुडला, बोटं बुडली, कदाचित नाकही बुडलं, ते सगळं या पातेल्यात परत, कोमट करून, तीन वाजता पुन्हा अकरांच्या तोंडात. दोन वर्षं नशिबाने निभावलं होतं, पण एकाचं पोट बिघडलं की सगळ्यांना प्रसाद. आणि त्यातले दोन चमचे नाकबाईंच्या पोटात.

त्या मोरीकडे धावल्या. पुढचं सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. चूळ भरली, जीभ फडक्याने घासली, परत चूळ भरली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? उष्टं परत पातेल्यात? जनावरांनाही कोणी असं घालत नाही! फेकून द्यायला काय झालं होतं तुला?"

भाची रडायला लागली. नेहमीसारखी तिने आधी माफी मागितली. पण या वेळी ती पुढेही बोलली. "फेकणार कुठे होते मावशी? खरकट्याची बादली तुझ्या स्वयंपाकघरात. पहिल्याच आठवड्यात मी उष्ट्या वाट्या खिडकीत ठेवल्या तर तू झडप आपटलीस. म्हणालीस, पुन्हा हे माझ्या डोळ्यांसमोर आणलंस तर तुझ्यासकट बाहेर फेकीन. इथे बादली मागितली तर म्हणालीस, खोलीला वास येईल, पोरांना भरवून संपवता येत नाही का. मग मी... संपवत होते."

नाकबाईंना तो दिवस आठवत नव्हता. त्या असं रोजच कोणाला ना कोणाला म्हणायच्या. पण आपण हे म्हटलं असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. लख्ख वाट्या पाहून दोन वर्षं आपल्याला किती बरं वाटत होतं, ते आठवलं आणि पुन्हा मळमळलं. या वेळी लाळेची नव्हे, स्वतःचीच किळस आली, आणि तिच्यासाठी चूळ भरून चालणार नव्हतं.

शुक्रवारी आया आल्या, कामावरून तशाच, बाह्यांवर दोऱ्याचे तुकडे चिकटलेल्या. भाची कोपऱ्यात उभी होती, चेहरा पांढराफटक. रात्री थोरल्या बहिणीचा फोन येऊन गेला होता. पोरीचं नाव घेऊ नकोस, तिला दुसरं कोण काम देईल, असं ती म्हणत होती. भाचीचं नाव घेतलं की स्वयंपाकघर वाचणार होतं, हे नाकबाईंना स्वच्छ दिसत होतं. स्वयंपाकात दोष नाही, भरवण्यात आहे. सगळं खरं होतं त्यातलं.

"उरलेलं परत पातेल्यात जात होतं," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "दोन वर्षं. मला उष्टं बघवत नाही म्हणून मी ते टाकायला जागा ठेवली नाही. मी एकदा जरी या खोलीत येऊन बसले असते तरी हे झालं नसतं. ही पोर माझ्या धाकाने करत होती."

एकीने तोंडावर पदर घेतला. दुसरी "शी!" म्हणाली आणि बाळाला अशी घट्ट धरून बसली, जणू ते आत्ता कोणी हिसकावणार होतं. एकीला ओकारी आली, ती बाहेर धावली. त्या सगळ्या नाकबाईंकडे बघत होत्या, आणि असं आपल्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं, एवढंच नाकबाईंना जाणवलं. मान खाली घालून त्यांनी ते सोसलं.

मोठ्या बाईंनी निकाल दिला. स्वयंपाकघर राहील, पण खिडकी बंद. प्रत्येक बाळाची वाटी वेगळी, उरलेलं तिथल्या तिथे बादलीत, आणि दोन्ही वेळेला नाकबाईंनी स्वतः भरवायला बसायचं. भाची राहील, पण मावशीच्या शेजारी बसून.

बटाट्याची आई एवढंच म्हणाली, "उद्या मी येऊन बघणार."

आली. जेवणाच्या सुट्टीत, स्वतःचा डबा न उघडता, दाराला टेकून उभी राहिली. नाकबाई बटाट्यासमोर लहान स्टुलावर बसल्या. वाटीत मऊ भात आणि गाजर. बटाट्याने तोंड मिटलं. त्यांनी वाट पाहिली. त्याने नाकातलं पाणी मुठीने गालभर पसरलं, मग तीच मूठ वाटीत घातली, मग ती नाकबाईंच्या बाहीला पुसली. नाकबाईंच्या घशाशी आंबट आलं. पहिला चमचा त्याने जिभेने बाहेर ढकलला. दुसरा थुंकला, तो त्यांच्या हनुवटीवर. तिसरा मात्र आत राहिला. मग चौथा. पाचव्याला तो खोकला, आणि सगळंच्या सगळं त्यांच्या मांडीवर आलं, कोमट, ओलं, साडीतून खाली झिरपणारं.

त्यांचे डोळे मिटले गेले. बटाट्याची आई जागची हलली नाही.

नाकबाईंनी डोळे उघडले, आधी त्याचं तोंड पुसलं, नाक पुसलं, मानेच्या वळीत शिरलेलं बोटाने काढलं. मांडीकडे बघितलंच नाही. वाटीतलं उरलेलं बादलीत ओतलं, स्वच्छ वाटीत थोडं नवं घेतलं आणि चमचा पुढे केला. त्याने तोंड उघडलं. तीन घास गेले आणि राहिले.

कारखान्याची घंटा झाली. आईने पुढे होऊन बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"उद्या पण या," नाकबाई म्हणाल्या. "रोज या. मला राग नाही."

"उद्यापासून नाही येता येणार. सुट्टी अर्धा तास असते, त्यात जेवायचं असतं." दारापर्यंत गेल्यावर ती वळली. "विश्वास बसला म्हणून ठेवत नाहीये, बाई. दुसरीकडे ठेवायला जागा नाही मला."

ती गेली. नाकबाई ओल्या मांडीने तशाच बसून राहिल्या. भाचीने फडकं पुढे केलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि पुढच्या बाळाची वाटी मागितली.