तळाचा तांदूळ

आमचं तांदळाचं दुकान कामशेतला, पवनेकडं जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी आहे. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या धरणावर जातात आणि परतताना सगळ्यांना इंद्रायणी तांदूळ हवा असतो. बाकीचे दुकानदार पोत्याचं तोंड उघडतात, वरचा पांढराशुभ्र दाणा ओंजळीत घेतात आणि गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरतात. अब्बांना ते जमत नाही. ते पोतं ताडपत्रीवर उलटं करतात, तळाचा तांदूळ वर आला की हात झटकतात आणि म्हणतात, "आता बघा." त्यांचे केस पांढरे झाले, कंबर धरायला लागली, तरी पोतं उलटं करायचं काही सुटलं नाही.

यामागची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पैगंबरसाहेब एकदा मदिनेच्या बाजारातून चालले होते. एका व्यापाऱ्याच्या धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर बोटं ओली झाली. हे काय, म्हणून विचारलं तेव्हा व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं ते म्हणाले. आणि जो फसवतो तो आपल्यातला नव्हे, असंही म्हणाले. अब्बा ही गोष्ट अशी सांगत, की जणू ते स्वतः त्या दिवशी शेजारच्या गाळ्यात बसले होते. मदिना वडगावच्या पलीकडं कुठंतरी असावी आणि तिथला आठवडी बाजार आपल्यापेक्षा मोठा असावा, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

अब्बा नुसतं पोतं उलटं करून थांबत नसत. माल भिजलेला असला, तर तो दुकानाच्या अगदी पुढं, येणाऱ्याच्या पायात येईल असा ठेवत. एका वर्षी कापलेलं भात खाचरात पडलेलं असताना अवकाळी पाऊस झाला. बेडशाहून एक शेतकरी आबा आमच्याकडं माल घालत. त्यांचा तांदूळ पिवळट पडला होता. अब्बांनी तो नेहमीप्रमाणे दर्शनी भागात मांडला. आबा आले, ढिगाकडं बघून त्यांचा पाराच चढला.

"आवं, लोकांस्नी हे पयलंच कशापायी दावताय? पावसानं भिजवलं, म्या भिजवलं व्हय?"

"आबा, तुमचं नाव कुठं लिहिलंय त्यावर?" अब्बा म्हणाले.

"नाव न्हाई, पर माजा तांदूळ मला वळखू येतोय की. लय वाईट वाटतंय बगा."

तेवढ्यात पुण्याचे एक गृहस्थ गाडीतून उतरले. त्यांनी तोच पिवळा ढीग पाहिला, मूठभर हुंगला आणि म्हणाले, हाच द्या, हा खरा गावठी दिसतोय, बाकीचा पॉलिश केलेला असणार. अब्बा त्यांना परोपरीनं सांगत होते की साहेब, हा भिजलेला आहे, भात चिकट होईल, वास येईल. गृहस्थ ऐकायलाच तयार नाहीत. दुकानदार जो माल देत नाही तोच चांगला, हे ते घरून ठरवून आले होते. शेवटी तोच घेऊन गेले. आबा इतके हसले की त्यांचा राग तिथंच गेला. अम्मी मात्र आतून म्हणाली, "यांना गिऱ्हाईक पळवायला जमत नाही आणि ठेवायलाही जमत नाही."

हे सगळं तांदळाबद्दल होतं तोवर मजेचं होतं.

मला आठवीत असताना पहिली फिट आली. घरातच, मोरीपाशी. मला काहीच आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी कांदा धरलेला होता आणि अम्मी रडत होती, एवढंच आठवतं. कांदा फुफीनं, म्हणजे अब्बांच्या थोरल्या बहिणीनं, फोडून आणला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी कांद्याला हात लावू नका म्हणून सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. पुढं फिट्स थांबल्या, गोळ्या मात्र चालू राहिल्या. बाहेर कुणाला काही सांगायचं नाही, हे घरात न ठरवताच ठरलं. शाळेत पोटदुखी, नातेवाइकांत अशक्तपणा. गोळ्यांची पाकिटं अम्मी चुलीत जाळायची, कचऱ्यात टाकायची नाही. मी बीकॉम झाले, दुकानाचे हिशेब बघू लागले, गिऱ्हाइकांशी भांडू लागले, आणि मग घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं.

स्थळ लोणावळ्याचं होतं. मुलगा नवलाख उंबरे गावाजवळच्या कंपनीत मेंटेनन्सला. वडील नव्हते, आईनं शिवणकाम करून वाढवलं होतं. बघायला आले तेव्हा मुलानं मला फक्त एकच प्रश्न विचारला. पोतं उलटं करतात ते बाहेर पाहिलं म्हणाला, रोज इतका तांदूळ परत भरायचं काम कोण करतं? मी म्हटलं, मी. तो हसला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, मला तो आवडला. त्या रात्री मी फार खूश होते आणि तितकीच घाबरलेलीही, कारण पुढच्या रविवारी ते पक्कं करायला येणार होते आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं.

घरात वाद पेटला. फुफी मुलींना कुराण शिकवायची, तिच्याकडं हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांची वचनंही भरपूर असत. ती म्हणाली, जो दुसऱ्याचा ऐब झाकतो त्याचे ऐब अल्लाह झाकतो, हेही हुजूरांनीच सांगितलंय. आपणच आपल्या पोरीचा ऐब चव्हाट्यावर आणायचा का? अम्मी तिच्या बाजूनं. एरवी दोघींचं एका चहाच्या कपावरून पटत नाही, पण त्या आठवड्यात त्या सख्ख्या बहिणींसारख्या वागत होत्या. आणि अब्बा, ज्यांना भिजलेला दाणा दिसला की क्षणभर धीर धरवत नसे, ते एवढंच म्हणाले, "सांगायला तर हवं." अम्मी उसळली, "पोरगी आहे ती. पोतं नाही!"

मी स्वयंपाकघरात चहा गाळत हे ऐकत होते. खरं सांगू? मला तिघांचाही राग आला होता. सर्वांत जास्त अब्बांचा. मला डोळ्यासमोर दिसत होतं, ते पाहुण्यांसमोर मला बसवणार, आणि त्याच आवाजात म्हणणार, आता बघा. पण फुफीचंही मला पटत नव्हतं. लग्नानंतर गोळ्या कुठं लपवायच्या? चूल तर त्यांच्या घरात नव्हती, गॅस होता. आयुष्यभर नवऱ्याच्या पाठीमागं पाणी प्यायचं, ही कल्पनाच मला अपमानाची वाटत होती.

शनिवारी दुपार कलल्यावर असरची नमाज पढून अब्बा दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. ते माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि बराच वेळ ताडपत्रीवरचे दाणे वेचत राहिले. मग म्हणाले, "मी आठवडाभर एकाच हदीसवर अडून बसलो होतो. ती धान्याची आहे. धान्याला कुणी विचारत नाही. लग्नाच्या बाबतीत हुजूरांनी वेगळं सांगितलंय, मुलीला विचारा. मी सगळ्यांचं ऐकलं आणि तुलाच विचारायचं राहिलं. सांगायचं का? सांगायचं तर कुणी सांगायचं? तू म्हणशील तसं. सांगू नका म्हणालीस तरी मी तोंड उघडणार नाही."

हे शेवटचं वाक्य बोलणं त्यांना किती जड गेलं असेल हे मला ठाऊक होतं. माझा सगळा राग एकदम उतरला आणि मी रडायला लागले. मग म्हटलं, "मीच सांगेन. तुमच्यासमोर नाही, फुफीसमोर नाही. त्या दोघांना, आतल्या खोलीत."

रविवारी मी तसंच केलं. मुलगा आणि त्याची आई पलंगावर, मी दाराशी. किती बोलले कोण जाणे, पण सगळं बोलले. कधीपासून, कोणत्या गोळ्या, डॉक्टर काय म्हणतात, मूल होऊ शकतं का. मुलगा खाली बघत होता. त्याच्या आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आम्ही विचार करून कळवतो, बेटा." बाहेर फुफीनं शीरखुर्म्याचे वाडगे भरून ठेवले होते, ते त्यांनी सावकाश संपवले. मला वाटलं, जमलं.

नकार मध्यस्थाकडून आला. इस्तिखारा केला, नमाज पढून अल्लाहकडं कौल मागितला, पण मन वळत नाही, एवढंच.

मी तीन-चार दिवस धड जेवले नाही. मुलाचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती होती. आता लोणावळ्यातल्या प्रत्येक घरात माहीत होणार. तिथून तळेगावला, तिथून सगळीकडं. मावळात आमची घरं ती किती! एका निकाहात निम्मी भेटतात. अम्मी तर धरून चालली होती की आता माझ्यासाठी कुणी दारात उभं राहणार नाही. ती अब्बांना काही बोलली नाही, नुसतं त्यांचं ताट वाढून आत निघून जायची. अब्बा रोज पोती उलटी करत, पण "आता बघा" म्हणायचं त्यांनी सोडलं होतं. मला त्यांची फार दया यायची. सांगितलं मी होतं आणि शिक्षा ते भोगत होते.

आम्ही बातमी पसरायची वाट पाहत राहिलो. लग्नाकार्यात गेलं की मी बायकांच्या नजरा तपासायची. कुणी पुटपुटलं की मला वाटे, माझंच चाललंय. पण कुठून काही आलं नाही.

पुढच्या वर्षी तळेगावचं स्थळ आलं. या वेळी घरात वाद नव्हता. मी सांगणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी सांगितलं. मुलाची मामी चकित होऊन म्हणाली, "अगं, पण आम्ही तर तुझी चौकशी लोणावळ्याला केली होती. तुला आधी बघून गेलेल्या त्या शिवणकामवाल्या बाई. त्यांनी असलं काही सांगितलं नाही."

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, मुलगी खरी आहे. आमचं जमलं नाही त्यात तिचा दोष नाही. बाकी जे विचारायचं ते तिलाच विचारा, ती स्वतः सांगेल."

मामींनी घरी जाऊन काय सांगितलं माहीत नाही, पण होकार आला. माझं लग्न तिथंच झालं. माझ्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर मीठ-हळदीच्या डब्यांशेजारी असतात आणि संपत आल्या की नवराच आठवण करतो. फुफी आणि अब्बा अजून भांडतात, त्या वेळी कुणाचं बरोबर होतं म्हणून. मला वाटतं, दोघांचंही होतं, फक्त वाटणी चुकत होती. माझं जे आहे ते मी उघड करायचं. झाकायचं काम समोरच्याचं, आणि ते त्याच्यावर जबरदस्तीनं लादता येत नाही. ज्या बाईनं मला नाकारलं, तिनं ते कुणी न सांगता केलं होतं.

त्या बाई मला नंतर एकदाच भेटल्या, लोणावळ्याच्या एका हॉलमध्ये, लग्नाच्या जेवणात. माझी मुलगी कडेवर होती. मी मनात पुष्कळ काय काय जुळवून ठेवलं होतं, आभाराचं आणि थोडं टोचणारंही. त्याच आधी बोलल्या.

"मी घाबरले होते गं. खोटं कशाला बोलू? एकच मुलगा, मी एकटी. तुला नको म्हटलं आणि मग मला कितीतरी दिवस चैन पडलं नाही."

"पण तुम्ही कुणालाच सांगितलं नाही," मी म्हटलं.

"ते माझं होतं का सांगायला? तू बोलताना सारखी दाराकडं बघत होतीस. सांगणारा असा वळून बघतो तेव्हा ते बोलणं अमानत होतं, जपून ठेवायची ठेव, हे आम्हाला लहानपणीच शिकवलंय."

त्यांनी माझ्या मुलीच्या गालाला हात लावला, पंगतीकडं एक नजर टाकली, आणि माझ्या कानाशी येऊन अगदी हलक्या आवाजात विचारलं, "बाळंतपणात काही झालं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."

"अल्हम्दुलिल्लाह!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की शेजारच्या दस्तरखानावरच्या सगळ्या बायका वळल्या. काय झालं, काय झालं, म्हणून एकीनं विचारलंही. बाईंनी माझा हात घट्ट धरलेला होता, डोळे भरून आले होते.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "बिर्याणी फार छान झालीय म्हणते मी."

आणि बिर्याणी खरंच छान झाली होती.