खेकसून मारायची हाक

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं म्हणतात. या माणसाचं नेमकं उलटं होतं. लॉन्ड्रीत त्याच्या हाताखालून निघालेला शर्ट पांढराशुभ्र, कडक. आणि नाव काय, तर कचरू! रस्त्यावर कचऱ्याची गाडी वाजली की सोबतचे दात काढायचे, "कचरू, तुझी गाडी आली रे, बस चटकन!" आधी त्याला राग यायचा. पुढे रागवायचाही कंटाळा आला. लेकसुद्धा शाळेत बापाचं नाव पुटपुटून सांगायची, त्यावरही तो कधी काही बोलला नाही.

त्या दिवशी सुजलेले पाय ओढत तो कामावरून थेट इस्पितळात गेला. लेकीची आधीची दोन्ही बाळं जगली नव्हती. आता तिसरा, मुलगा, काचेच्या पेटीत होता. नाव ठेवायची तिने धास्तीच घेतली होती.

"बाबा, तुमचं नाव असं कुणी हो ठेवलं?" गप्प बसवेना म्हणून तिने विचारलं.

"आईने. माझ्याआधी तिघं गेले. मग मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि कुणीतरी टाकलेलं पोर म्हणून परत उचललं. कचऱ्याकडे मरण कशाला बघतंय? हाकसुद्धा खेकसूनच मारायची. आपला पोरावर जीव आहे हे मरणाला कळू नये म्हणून. मला वाटायचं, हिला मी नकोच आहे. शेवटच्या आजारात बोलली, तेव्हा कळलं."

लेक पेटीकडे बघत राहिली. "मग याचंही हेच ठेवू."

"नको गं बाई. मरणाने बघितलं नाही हे खरं, पण मग कुणीच बघितलं नाही माझ्याकडे. सगळा जन्म असाच गेला."

"जन्म जायला आधी जगायला तर हवं ना, बाबा!"

त्याने पेटीतल्या बाळाकडे बघितलं.

"बरं. पण लाडाने नाही हं. खेकस त्याच्यावर."

तिने तोंड उघडलं, पण हुंदकाच बाहेर आला. काही केल्या तिला जमेना. त्याला आईची आठवण आली. इतकी ती गेली तेव्हाही आली नव्हती. तो काचेपाशी वाकला आणि सगळा वॉर्ड दचकेल असा ओरडला, "ए कचऱ्या! लोळत काय पडलायस? ऊठ!"

नर्स धावत आली आणि त्याला फाडफाड बोलली. त्याने हात जोडून "चुकलं" म्हटलं, डोळे पुसले, आणि पुन्हा खेकसला.