बोट पुढं कर आणि थांब

आमच्या राजारामपुरीत आज तिशी-चाळिशीची जेवढी माणसं ताठ चालताना दिसतात, तेवढी सगळी आमच्या न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी उभी केलीत! उचगावहून सकाळच्या बसनं यायच्या आणि दुपारपर्यंत चार घरची बाळं तेल लावून, न्हाऊमाखू घालून मोकळ्या. माणसाचं नाव त्यांच्या कधी लक्षात राहायचं नाही, रांगणं मात्र जन्मभर. एकदा भर चौकात एका भारदस्त फौजदाराकडं बोट दाखवून ओरडल्या, "ह्यो बगा, ह्यो बुडावर घसरायचा!" फौजदार मिशीसकट लाजला.

आणि तेव्हाची मी? पंचविशीची, दीडशहाणी. बाळसंगोपनाचं पुस्तक तोंडपाठ. त्यात छापलेलं, आठव्या महिन्यात मूल रांगतं. आणि माझा लेक नववा सरत आला तरी देवघरातल्या गणपतीसारखा बसून! डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "छान आहे बाळ, जरा खाली सोडत जा." पण फरशी गार, फरशी कडक, म्हणून मी त्याला दिवसभर कडेवरून उतरवायची नाही, आणि वर रडायची, हा रांगत का नाही! शेवटी वॉकर आणला. मावशींनी तो उलटासुलटा करून बघितला. "झ्याक हाय. माज्या कोंबड्यास्नी हुईल," म्हणाल्या, आणि खरंच घेऊन गेल्या!

मग मी लेकाचे दोन्ही हात धरून त्याला उठवायला लागले, तर फाडकन माझ्या हातावर चापट!

"वडू नगंस, वैनी! हिरीतली घागर हाय व्हय ती? बोट फुडं कर आन् गप थांब."

"किती थांबू?"

"त्येला वाटंल तवर. घाई तुला हाय, त्येला न्हाय."

त्यांनी लेकाला उघड्या फरशीवर पालथं घातलं आणि तेलाची रिकामी पितळी वाटी हातभर लांब गरगर फिरवली. वाटी वाजली. लेकानं मान उचलली, कुंथला, हात रेटले... आणि उलटा सरकत थेट पलंगाखाली गेला! मी किंचाळले. मावशी टाळ्या पिटत होत्या, "गेला की गं! वाट मागनं सापडंल!"

चौथ्या दिवशी सापडली. त्यानं वाटी गाठली, आणि मी अशी नाचले की गॅसवरचं दूध ओट्यावरून खाली उतरलं तरी पत्ता नाही!

गेल्या रविवारी त्याच लेकानं, आता स्वतः बाप झालेल्यानं, आपली मुलगी दाखवायला मावशींना गाडीतून आणलं. तीच पितळी वाटी पिशवीत. खाली बसल्या, वाटी फिरवली. नात अशी सुसाट निघाली की विचारू नका! आम्ही हसतोय, मावशी हसताहेत. आणि मग उठायला गेल्या, तर गुडघे उठेनात. दोनदा जोर केला. मी धावले त्यांचे दंड धरायला.

लेकानं मला अडवलं. त्यांच्यासमोर उकिडवा बसला, बोट पुढं केलं आणि गप थांबला.

मावशींनी बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघितलं. "ह्यो उलटा सरकायचा," मला म्हणाल्या, आणि ते बोट घट्ट धरलं.