हंगामी तुकडीची कमाई

एका रकान्यात मी 'निरंक' असे लिहिले आणि तो शब्द खोटा होता हे सतरा वर्षे कुणालाही सांगितले नाही. माझ्या बाकीच्या चुका कुणी ना कुणी मला दाखवून दिल्या. ही एकच अशी, की जिच्यापोटी मला आदर मिळत राहिला आणि मी तो घेत राहिलो.

बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या सरकारी महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. चार वर्गखोल्या, पत्र्याचे छत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी सिमेंटची टाकी. फी नावापुरती. आसपासच्या गावांतून मुले-मुली येत. एसटी चुकली तर दुधाच्या टेम्पोत उभी राहून येत. मी नोकरीला लागलो त्याच्या आसपास तिथल्या प्राचार्यांनी एक वेगळीच व्यवस्था सुरू केली होती. आमच्याकडची कितीतरी घरे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. त्या घरांतल्या विद्यार्थ्यांचे हिवाळ्यातले सत्र बुडे. ते पाडव्यापासून मृगापर्यंत, म्हणजे इतरांच्या उन्हाळी सुट्टीत, पुन्हा शिकवायचे आणि परीक्षा दिवाळीआधीची द्यायची. आम्ही तिला 'हंगामी तुकडी' म्हणत असू. तीत बहुतेक लग्न झालेल्या बायका होत्या.

सुट्टी गेली म्हणून पहिल्या वर्षी मी मनात कुरकुरलो. नंतर त्यांचे हात पाहिले. उसाच्या पाल्याने तळहातांवर बारीक चरे पडलेले असत आणि त्या हातांनी त्या मागणीचा वक्र काढत. दुष्काळ पडला की आमचे बाकीचे वर्ग ओस पडत, ही तुकडी मात्र वाढे. कारण शेतात काही नसले की अधिक घरे तोडीला जात. माणूस पाण्याच्या शोधात बाहेर पडावा आणि परतताना त्याला शाळा आठवावी, याचे मला तेव्हा नवल वाटे. आजही वाटते.

या शिक्षणाची खरी किंमत मला फार उशिरा कळली. परीक्षा लांबली की टोळी आधीच निघून जाई आणि मागे राहिलेल्या बाईचा रोज 'खाडा' पडे. कामावर न आल्याचा जो दंड कापून घेतात, त्याला हा शब्द आहे. आमच्या फीच्या पावतीवर तो कुठेच नव्हता. बी.ए.चा एकेक पेपर त्या एकेका खाड्यावर देत होत्या.

अशाच एका दुष्काळी वर्षी वरून पत्र आले. लहान महाविद्यालयांनी तीन गोष्टी कळवायच्या होत्या: एका विद्यार्थ्यामागे खर्च किती, प्रवेश कुणाकुणाला मिळतो, आणि पदवीनंतर त्यांची कमाई किती. प्रश्न रास्त होते. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने त्यांची उत्तरे द्यायलाच हवीत. प्राचार्यांनी ते काम माझ्याकडे दिले. हंगामी तुकडीचा खर्च जास्त दिसणार हे उघड होते. मोजकी डोकी आणि त्यांच्यासाठी वेगळे शिक्षक. तिला वाचवायचे तर कमाईचा रकाना बोलका हवा होता.

तुकडीत दुसऱ्या वर्षाला एक विद्यार्थिनी होती. विशी नुकतीच ओलांडलेली, किरकोळ बांध्याची, वर्गात प्रश्न विचारायला न भिणारी. दिवाळीची परीक्षा देऊन निघताना ती म्हणाली, "सर, हितं बसून कागदावर इचारू नका. टोळीवर या. माझी जाऊ पहिल्या तुकडीची बी.ए. हाय, तिलाच इचारा."

मी गेलो. माजलगावच्या बाजूला एका सहकारी कारखान्याच्या रानात त्यांची टोळी उतरली होती. धरणाचे पाणी त्या वर्षी बरेच खाली गेले होते, तरी कालव्याकाठी ऊस उभा होता. बांबू आणि पाचटाच्या कोप्या रांगेने उभ्या. दुपारी मी फडात पोचलो तेव्हा त्या दोघी जावा-जावा मोळ्या बांधत होत्या. त्यांचे नवरे तोडत होते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून माझी विद्यार्थिनी वर चढली, मोळी टाकली आणि तशीच पाठमोरी खाली आली. वर्गात फळ्यापाशी यायला सांगितले की पदर सावरत येणारी हीच का ती, असा मला क्षणभर प्रश्न पडला.

मुकादम जवळ येऊन उभा राहिला. माझे काम कळल्यावर हसला.

"सर, ह्या कोपीत बी.ए., त्या कोपीत बी.ए. ऊस मातर अडाण्यावानीच तुटतोय!"

मोळी आवळता आवळता जाऊ म्हणाली, "मग काट्याची पावती आली की आमाला कशाला हाका मारता, मुकादम?"

फडातली माणसे हसली. मुकादमही हसला आणि म्हणाला, "हे मातर खरं हाय." मग त्यानेच सांगितले. मागच्या पंधरवड्यात टोळीच्या उसाची एक खेप दुसऱ्याच टोळीच्या नावावर चढली होती. जाऊने वजनकाट्याच्या पावत्या तारखेने लावल्या, चूक काढली आणि स्वतः कारखान्याच्या कचेरीत जाऊन ती दुरुस्त करून आणली. संध्याकाळी जाऊ कोप्यांतल्या लहान मुलांना पाटी घेऊन बसवी. हे सांगताना त्याच्या आवाजात तिच्याविषयी किंचित धाक होता. आमच्या चार खोल्यांतून निघालेली गोष्ट इतक्या दूर, इतक्या उन्हात, कुणाच्याही नकळत काम करत होती.

मी जाऊला कमाई विचारली. ती गोंधळली. "माझी? माझी कशी सांगू, सर? आमचा कोयता हाय."

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे की तोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. हात चार, कोयता एक, आणि मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे.

माझी विद्यार्थिनी पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, "सर, कोयत्यात दोघं असत्यात. आर्धं तरी तिच्या नावापुढं लिवा. न्हाईतर वर वाटंल, शिकून घरी बसली."

"लिहितो," मी म्हणालो.

"नक्की ना? आमचं तिसरं वर्ष त्यावरच हाय."

"नक्की."

ती म्हणाली ते खरेच होते. पुढच्या उन्हाळ्यात तुकडी राहिली तरच तिची पदवी पुरी होणार होती. हे तिला माहीत होते आणि मलाही.

परतल्यावर तक्ता भरायला बसलो. कागदावर रकाना होता: पदवीधराचे स्वतःच्या नावावरील उत्पन्न. माझ्या टिपणवहीत कोयत्याची कमाई होती. तिचा अर्धा भाग काढणे हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला कठीण नव्हते. पण व्यवसायाच्या रकान्यात 'ऊसतोड' लिहावे लागणार होते. माझा हात तिथे थांबला. आमच्या महाविद्यालयाची पदवीधर ऊस तोडते, हे वरच्यांनी वाचले तर काय म्हणतील? माझ्या शिकवण्याबद्दल काय म्हणतील? सूचनांमध्ये एक ओळ होती की गृहिणींना सरासरीत धरू नये. मी जाऊच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिले, आणि कमाईपुढे 'निरंक'. हंगामी तुकडीच्या इतर पदवीधर बायकांपुढेही तेच. उरलेल्यांची सरासरी सुरेख दिसू लागली.

महाविद्यालय तरले. पुष्कळ वर्षे मी स्वतःला हेच समजावत आलो की एक तुकडी गेली पण संस्था राहिली. हे समजावणे खोटे आहे. सही करतानाच मला दिसत होते की ज्या तुकडीचा खर्च मोठा आणि कमाई शून्य, ती राहणार नाही. मला लाज वाटली होती, आणि ती लाज मी त्या बायकांच्या नावावर चढवली.

पाडव्यानंतर माझी ती विद्यार्थिनी वह्या घेऊन आली तेव्हा खोलीला कुलूप होते. शिपायाकडून कळल्यावर ती माझ्याकडे आली.

"सरकारनं बंद केली मनं, सर."

"होय. वरूनच आले."

"पर तुमी तर लिवलं व्हतं ना?"

मी तिच्याकडे पाहून म्हणालो, "लिहिले होते."

"मग तुमी तरी काय करणार," ती म्हणाली. तिनेच माझी समजूत घातली आणि निघून गेली.

त्यानंतर ती कधीमधी बाजारात भेटे. सोबतच्या बायकांना सांगे, "हे आमचे सर. आमच्या तुकडीसाठी लई झटले." मी हसून मान हलवत असे.

गेल्या उन्हाळ्यात वरून पुन्हा पत्र आले, तेच तीन प्रश्न घेऊन. प्राचार्य आता नवे होते. ते मला म्हणाले की एका गावात महिलांची दूध संस्था आहे, तिची सचिव आपलीच जुनी विद्यार्थिनी आहे असे ऐकले, भेटून या. गाव ऐकले आणि मी ओळखले.

सकाळी मी पोचलो तेव्हा संकलन चालू होते. बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, आणि ती टेबलाशी बसून फॅट पाहून नोंद करत होती. केस पुढून पांढरे झालेले.

"या सर, या! बसा. ए, सरांना खुर्ची दे गं!"

"तुम्ही काम आटपा, मी थांबतो."

"आगं बया! सर, तुमी मला कवापासून आवो-जावो कराय लागले?"

रांगेत हशा पिकला. हात चालवता चालवताच तिने संस्थेची हकीकत सांगितली. मधल्या मोठ्या दुष्काळात चारा छावणीत जनावरे घेऊन ह्या सगळ्या जणी तीन-चार महिने राहिल्या होत्या. पाण्याच्या टँकरमागे पळता पळता तिथेच दूध एकत्र घालायचे ठरले. संस्था नोंदवताना तिने एकच हट्ट धरला: गोठा कुणाचाही असो, जी धार काढते तिच्याच नावावर पुस्तक.

"पुरुषमाणसं लई चिडली, सर. मी मनलं, तुमी धार काढा, तुमच्या नावावर करते. एक बी आला न्हाई."

पुन्हा हसणे. मी एकेका बाईला आपले पुस्तक पुढे करताना पाहत होतो. प्रत्येक मुखपृष्ठावर बाईचे नाव होते. हे मी कधी शिकवले नव्हते. मला ते करायचे धैर्यही झाले नव्हते. पदवी पुरी न झालेल्या एका बाईने ते गोठ्यापासून सुरू करून साऱ्या गावाकडून करून घेतले होते.

किटल्या संपल्या, पण बायका रेंगाळल्या. ती हात पुसत समोर आली.

"सर, ह्यांच्या पोरी-सुना अजून तोडीला जात्यात. तसली तुकडी पुन्हा निघंल का? कागद आलाय मनं तुमच्याकडं. तुमी मागं बी आमच्यासाठी लिवलं व्हतं, आता बी लिवा." मग बायकांकडे वळून म्हणाली, "ह्यांच्या शब्दावर आपला भरवसा हाय."

त्या भरवशावर आणखी एक 'लिहितो' म्हणणे मला शक्य झाले नाही. मी खुर्चीवरून उठलो. एक बाई म्हणाली, सरांना पाणी द्या. मी नको म्हटले.

"मी लिहिले नव्हते," मी म्हणालो. "तुमच्या जाऊबाईंच्या कमाईपुढे मी निरंक लिहिले. तुमचे ऊस तोडणे वर सांगायची मला लाज वाटली. तुकडी माझ्या कागदामुळे बंद झाली, आणि पाडव्यानंतर तुम्ही विचारलेत तेव्हा मी तोंडावर खोटे बोललो. तुमचे तिसरे वर्ष मी घालवले. या वेळी खरे लिहीन, पण तेवढ्याने ते वर्ष परत येणार नाही. माझी चूक झाली. मी तुमची क्षमा मागतो."