ट्रॅक्टरची वरात

आमचा ट्रॅक्टर पहिल्यांदा घरी आला तो बैलांनी ओढून आणला, आणि यात चूक काय, ते आमच्या घरात अजून कोणाला कळलेलं नाही.

तिरोड्याच्या मालधक्क्यावर तो उतरला तेव्हा मी म्हणालो, "बाबूजी, चालवतच नेऊ. मी चार दिवस नागपुरात शिकून आलो ना!" (खरं तर दोन. त्यातला एक दिवस पाऊस होता.)

बाबूजी कडाडले, "काऊन बे, नवी नवरी पायी चालत सासरी येते का? ट्रेलर पाह्य! अन् आयक, ट्रॅक्टरले एक ओरखडा जरी पडला, तर त्याच्यावर तू बसाचा नाही. जलमभर नांगरच धर!"

त्या लोखंडी सीटसाठी मी ठरत आलेलं लग्न पुढं ढकललं होतं!

ट्रेलर पाहणं मुलगी पाहण्यापेक्षा अवघड निघालं. पहिला उंच. "वळणावर कोलांटी मारते हा," सोबत आलेले आईचे भाऊ, मामाजी म्हणाले. दुसरा आखूड. "ट्रॅक्टरचं बूड बाहेर राह्यते!" तिसरा भक्कम, पण त्याचं एक चाक दुसऱ्याच गावाला निघालेलं. शेवटी राइस मिलचा बुटका, चार रबरी चाकांचा ट्रेलर पसंत पडला. तरी बाबूजींनी त्यावर ट्रॅक्टर पाहायला आलेले अकरा पाहुणे उभे करून उड्या मारायला लावल्या! ट्रेलर हलला नाही. एका पाहुण्याचं धोतर तेवढं सुटलं. मग ट्रॅक्टर चढवला, चाकांखाली दगड ठोकले आणि इतके दोर आवळले की कोणता कशाला बांधलाय, ते कळेना. (एक माझ्या कमरेला होता.)

"सीटवर बस अन् स्टेरिंग धरून राह्य!" बाबूजींचा हुकूम. मी चढून बसलो आणि स्टेरिंग घट्ट धरलं.

ट्रेलर एवढा पारखला. ओढणारे बैल मात्र कोणीच पारखले नाहीत. ते मामाजींनी आणले होते. राजा-परधान. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत धावणारे!

"मामाजी, हे पळतीन तर नाही?"

"छे गा! झेंडी पडल्याशिवाय ते शेपूटबी हलवत नाहीत."

आणि बोदलकशाच्या वाटेवर नेमका शंकरपट भरलेला! अख्खा जिल्हा लोटलेला. दोन जोड्या सुटायच्या तयारीत. आम्ही बाजूनं गुमान जाऊन राहिलो होतो. तेवढ्यात झेंडी पडली.

राजा-परधानांनी शेपट्या वर केल्या! मामाजी कासऱ्यासकट तणसाच्या ढिगात. मी, ट्रॅक्टर आणि ट्रेलर थेट मैदानात!

"अरे बापा! ब्रेक दाब बे, ब्रेक दाब!" मागून बाबूजी.

मी आज्ञाधारक मुलगा. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. (तो थांबलेलाच होता.) ट्रेलर मात्र सुसाट! मी स्टेरिंग डावीकडे पिळलं. ट्रॅक्टरची चाकं डावीकडे वळली, बैल सरळच गेले!

"आला रे, टॅक्टर आला!" लोक फेटे उडवून राहिले. दोन्ही जोड्या मागं पडल्या. रेषेपलीकडे बैल सवयीनं आपणहून थांबले.

मामाजी धावत आले आणि माझे पाय धरले. (आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतोच, त्यामुळे ती रीत होती की भीती, ते समजलं नाही.) बाबूजींनी आधी ट्रॅक्टर चाचपला. ओरखडा नव्हता. सगळे माझ्या अंगावर होते.

पंच डोकं खाजवत होते. "बक्षीस कोणाले द्याचं? बैलाले का डायवरले?"

"डायवरले!" बाबूजींनी छाती फुगवली. "माहा पोरगा आहे तो!"

सीट वाचली. इंजिन बंद, ब्रेक दाबलेला, चाकं डावीकडे, तरी पहिला नंबर! पुढं मी इंजिन सुरू करून, ब्रेक सोडून पुष्कळ वर्षं ट्रॅक्टर चालवला. पण इतका सरळ पुन्हा कधी गेला नाही.